हातभर अंतर

परत आलो त्याला चौदा महिने झाले.
अजून हे रांगेत हातभर अंतर सोडून उभे राहतात
आणि त्या हातभर जागेत
दर वेळी कोणीतरी येऊन उभं राहतं,
कधी पासबुकानं वारा घेणारा पोरगा,
कधी एखाद्या मावशी, पिशवीसकट.
सॅस्काटूनला एकतीस वर्षं
या अंतराला सभ्यता म्हणत.
महात्मानगरच्या बँकेत ती
नुसतीच रिकामी जागा.

नोव्हेंबरात तिकडून कागद आला:
आपण हयात आहात का, कळवावे.
शिक्का मारणारे साहेब जेवायला गेले होते.
आल्यावर त्यांनी पुकारलं, "दामोदर केशव गायधनी!"
हे उठलेच नाहीत.
तिकडे सगळे डॅन म्हणायचे.
मी कोपरानं ढोसलं.
साहेबांनी फोटो पाहिला, यांना पाहिलं, परत फोटो.
"हे तुम्हीच का?"
यांनी खरोखरच विचार केला, बराच वेळ.
शेवटी मी म्हटलं, "हेच आहेत. मारा शिक्का."

यांना हसायला मला तोंड नाही.
मी अजून दिव्याचं बटण वर करते
आणि अंधार होतो.

बुधवारच्या बाजारात हौसाबाईनं
मेथीवर मूठभर कोथिंबीर फेकली,
मी थँक्यू म्हटलं.
"थँक्यू कशापायी? उद्या कडू लागली
तर शिव्या द्यायला येशीलच की."
मग दातात सुपारी धरून,
"पाहुणे, परत कधी जायचं?"
नाही जायचं, म्हटलं. कायमचे आलोय.
"सगळेच असं म्हणत्यात," ती म्हणाली,
"दहाचे सुटे दे."

रात्री तीनला हे जागे.
विमानाची झोप चौदा महिने बिघडत नाही,
असं डॉक्टर सांगतात.
फोनच्या उजेडात यांची हनुवटी निळी दिसते.
"घरी उणे एकोणतीस आहे," हे म्हणतात.
घरी.
मी कूस बदलते. सोसायटीचा वॉचमन
काठी आपटत जातो. कुठलं घर, हे विचारायची
ही वेळ नव्हे.

यांची नोकरी नदी मोजायची.
लोखंडी पट्टी, सेंटिमीटर, वहीत वेळ.
नदी गोठली की बर्फाला भोक पाडून
खालचं पाणी मोजायचे.
एवढ्या थंडीतही ते चालू असायचं,
हे यांना फार आवडायचं.

गेल्या ऑगस्टात धरणातून पाणी सोडलं
आणि अख्खं नाशिक गंगेवर लोटलं.
दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं,
इथं पूर असाच मोजतात:
गुडघे, कंबर, छाती.
आम्हीही गेलो, छत्री एकच.
गर्दीत मी यांना हरवलं, मग पाहिलं तर
हे कठड्याशी, दोन्ही बाजूंनी माणसं चिकटलेली,
कोणाचा तरी ओला रेनकोट यांच्या बाहीवर,
आणि मागून एक पोरगा टाचा उंचावून विचारतोय,
"काका, कुठवर?"

खिशात पट्टी नव्हती, वही नव्हती.
"कमरेच्या वर," हे ओरडले,
"चढतंय अजून! छातीला लागेल!"
ओरडताना ते मला
एचपीटीच्या मैदानावरच्या दामूसारखे वाटले,
ज्याला बघायला मी सायकलची चेन
मुद्दाम पाडायची.
छातीला काही लागलं नाही.
संध्याकाळी उतरलं. पोरगा म्हणाला, "काका, चुकलात."
यांनी मान हलवली, खुशीत.

त्यानं फार काही बदललं असं नाही.
कॉलेज रोडवर हे पट्ट्यांपाशी
गाड्या थांबायची वाट पाहत उभे असतात.
परवा एका शाळकरी मुलीनं
नुसता तळवा दाखवून टेम्पो थांबवला
आणि यांना पलीकडे नेलं.
तळवा असा धरायचा की तसा,
आरशापुढे दोन दिवस सराव चाललाय.

काल वीजबिलाच्या खिडकीशी
परत तेच, हातभर अंतर.
मागचा माणूस सरकायच्या आत
मी जाऊन त्या जागेत उभी राहिले.
"रांग आहे, बाई," हे म्हणाले.
म्हटलं, ठाऊक आहे.